मीटर बंद असतानाचे तास

जुनी बोट विकणाऱ्याच्या तोंडी एक वाक्य हटकून असतं. ‘इंजिनाला तास फार झालेले नाहीत.’ मिरकरवाड्याच्या जेटीवर मी ते ऐकलंय, हर्णैच्या वाळूत ऐकलंय, आणि गेटवेसमोर नांगरून ठेवलेली पांढरीशुभ्र हौशी बोट विकायला काढलेल्या एका सुखवस्तू गृहस्थांच्या तोंडूनही ऐकलंय. घेणाऱ्याचा चेहरा ते ऐकून खुलतो. माझा पडतो. ‘तास भरपूर झालेत, पण कसे झाले ते सांगतो,’ असं म्हणणारा भेटला की मात्र मी बूड टेकतो आणि चहा मागवतो.

या विषयाशी माझा संबंध आला तो नोकरीमुळे. किनाऱ्यावरच्या एका बँकेत मी कर्जाच्या टेबलावर होतो. जुन्या नौकेसाठी कर्ज मागायला कुणी आलं की एक छापील अर्ज भरून घ्यायचा. बोट लाकडाची की फायबरची, लांबी किती, सिलिंडर किती, अश्वशक्ती किती, आणि अगदी खाली ‘इंजिन किती चालले आहे’. या रकान्यात लोक मनाला येईल ते लिहीत. कुणी ‘५ वर्षे’, कुणी ‘उत्तम’. एका नाखव्याने नुसतंच ‘रोज’ असं लिहिलं होतं. मूल्यांकन करणारे साहेब सगळ्यांवर ‘समाधानकारक’ असा एकच शेरा मारत आणि फाइल पुढे सरके. त्या सगळ्या उत्तरांत ‘रोज’ हे उत्तर सर्वांत कामाचं होतं. का, ते पुढे येईलच.

मुळात तासच का मोजायचे, हा प्रश्न ट्रॅक्टर किंवा जेसीबी बाळगणाऱ्याला पडत नाही. शेतात किंवा खोदकामात यंत्र कुठवर पोहोचलं याला अर्थ नसतो, किती वेळ राबलं याला असतो. समुद्रात त्याच्या जोडीला वारा आणि पाण्याची ओढ. भरतीच्या तोंडी सापडलेली बोट खाडीतून बाहेर पडायला तासभर झगडते आणि तीच बोट परतताना त्याच पाण्याच्या जोरावर निम्म्या वेळात धक्क्याला लागते. अंतर तेच. म्हणून तास.

आपल्या किनाऱ्यावरच्या कितीतरी ट्रॉलरांत अशोक लेलँडचं इंजिन असतं. रस्त्यावरच्या ट्रकमध्ये असतं त्याच घराण्यातलं, समुद्रासाठी बदल करून घेतलेलं. ट्रकने सरासरी ताशी ४० किलोमीटर काढले असं धरलं तर १०,००० तास म्हणजे ४ लाख किलोमीटर. हिशेब सोपा आहे, पण त्यावर विसंबू नये. ट्रक कशेडी घाट चढतो तसा उतरतोही, आणि उतारावर ड्रायव्हरने पाय काढला की इंजिनाला उसंत मिळते. बोटीला उतार नाही. पंखा पाण्यात फिरतोय तोवर पाणी त्याला अडवणारच. बोट म्हणजे धक्का सोडल्यापासून धक्का लागेपर्यंत कशेडी चढतच राहिलेला ट्रक. तेव्हा बोटीच्या इंजिनाचा तास रस्त्यावरच्या तासापेक्षा जड असतो. किती जड, हे चालवणाऱ्याच्या हातात असतं.

पंख्याचं गणितच तसं आहे. तो फिरवायला लागणारी ताकद फेऱ्यांच्या घनाच्या पटीत वाढते. मिनिटाला २००० फेऱ्यांचं इंजिन १६०० वर चालवलं, म्हणजे वेग पाचव्या हिश्शाने उतरवला, की लागणारी ताकद जवळजवळ निम्मी होते. १८०० वर ती पाऊणपट असते. आता दोन तांडेल डोळ्यांसमोर आणा. एकाला संध्याकाळचा लिलाव गाठून भाव पकडायचा असतो, तो शेवटच्या टोकापर्यंत दांडा रेटतो. दुसरा थोडं आधी जाळं आवरतो आणि १६०० वर निवांत येतो. दोघांच्या मीटरवर तेवढेच तास चढतात. पाच वर्षांनी दोघांची इंजिनं उघडली तर मिस्त्री एकाच्या मालकाला चहा पाजेल आणि दुसऱ्याच्या मालकाला खुर्चीवर बसवून आधी पाणी देईल.

धंदा कुठला, यावरही सगळं अवलंबून. ट्रॉलर जाळं ओढतो तेव्हा बोट माणसाच्या चालीने सरकत असते आणि इंजिन मात्र भाराखाली कण्हत असतं, एकेक ओढ दोन-तीन तासांची. डोलवाला खुंटाला किंवा नांगराला जाळं बांधून भरती-ओहोटीवर सोपवतो, त्याचं निम्मं काम पाणीच करतं. गिलनेटवाला जाळी सोडली की इंजिन बंद करून रात्रभर तरंगत राहतो. पर्ससीनवाला मासा हेरेपर्यंत पळतो, मग वेढा घालतो, मग जाळं ओढून घेताना विंचसाठी इंजिन मंद ठेवून तासन्‌तास उभा असतो. मंद चालणं इंजिनाला सोपं जात असेल असं वाटतं खरं, पण डिझेल इंजिनाला ते मानवत नाही. सिलिंडर पुरेसे तापत नाहीत, तेल अर्धवट जळतं, लायनरच्या आतल्या बारीक रेषा गुळगुळीत होऊन काचेसारखा थर चढतो, रिंगांची पकड सुटते आणि इंजिन ऑइल प्यायला लागतं. म्हणजे ‘कसले तास’ हे विचारल्याशिवाय ‘किती तास’ या प्रश्नाला काही अर्थ नाही.

आता ते मीटर. बहुतेक बोटींवर ते असतंच असं नाही, आणि असलं तरी खारी हवा आणि थरथर त्याला फार दिवस जगू देत नाहीत. कुठल्या तरी आकड्यावर अडकून पडलेली, काच धुरकटलेली मीटरं मी पुष्कळ पाहिली. चालू असलेलं मीटरही काय मोजतंय ते आधी समजून घ्यावं लागतं. काही मीटरं किल्ली फिरवली की चालू होतात, मग इंजिन बंद असलं आणि खलाशी नुसते दिव्यांखाली जेवत बसले असले तरी तास चढत राहतात. काही ऑइलच्या दाबावर चालतात, ती जास्त प्रामाणिक. जुन्या ट्रॅक्टरांवर तर फेऱ्या मोजून त्यावरून तास काढणारं मीटर असायचं, म्हणजे इंजिन ठरलेल्या फेऱ्यांवर तासभर चाललं तर एक तास, मंद चाललं तर घड्याळाचे दोन तास होऊनही मीटरवर एकच. चार आकडी मीटर ९,९९९ नंतर पुन्हा शून्यावर येतं, आणि वर्षाला दोन-अडीच हजार तास राबणाऱ्या ट्रॉलरला तिथवर जायला चार-पाच हंगाम पुरतात. समोर १,२०० दिसले तर ते १,२०० आहेत की ११,२००, हे मीटर कधीच सांगत नाही.

आणखी एक गोष्ट घेणारे विसरतात. मीटर इंजिनात नसतं. ते वर केबिनमधल्या पॅनेलमध्ये असतं आणि इंजिन खाली असतं. पॅनेल बदललं की तास बदलले. इंजिन बदललं आणि पॅनेल तेच राहिलं, तरी बदललेच. आपल्याकडे इंजिन एका बोटीतून दुसरीत जाणं ही रोजची गोष्ट आहे. लाकूड कुजतं, इंजिन उरतं, ते नव्या बोटीत बसतं. म्हणून नोंदणीच्या कागदावरचा इंजिन नंबर खाली उतरून इंजिनावर ठोकलेल्या नंबराशी ताडून बघायला मी कर्जदारांना सांगायचो. निम्मे हसायचे. निम्मे गुपचूप जाऊन बघायचे.

नव्या जमान्याच्या इंजिनांनी हे थोडं सोपं केलं आहे. संगणकावर चालणारी इंजिनं आपले तास स्वतःच्या डोक्यात ठेवतात, आणि नुसते तास नव्हे, कुठल्या फेऱ्यांवर किती वेळ चाललं तेही. मालवण-तारकर्लीकडे पर्यटकांना फिरवणाऱ्या बोटींवर यामाहाची फोर-स्ट्रोक आउटबोर्ड असतात, त्यातल्या नव्या इंजिनांना कंपनीचा माणूस लॅपटॉप जोडून हा हिशेब काढून देऊ शकतो. एवढे तास मंद, एवढे मध्यम, एवढे तुफान. हा कागद हातात आला की विकणाऱ्याचं बरंचसं बोलणं आपोआप कमी होतं.

पण कोकणातल्या जुन्या ट्रॉलरच्या इंजिनाला लॅपटॉप कुठे लावणार? तिथे दुसरा कागद उपयोगी पडतो. एका वयस्क तांडेलाने मला तो सुचवला. मी मीटरबद्दल विचारत होतो, तो म्हणाला, ‘साहेब, मीटरला काय विचारता? सोसायटीत जाऊन डिझेलचं पुस्तक बघा.’

मच्छीमारांना डिझेलवरच्या कराचा परतावा मिळतो तो त्यांच्या सहकारी संस्थेमार्फत, त्यामुळे कुठल्या बोटीने किती लिटर उचललं याची नोंद संस्थेच्या दप्तरात पडते. डिझेलवरून तास काढणं अवघड नाही. चांगल्या अवस्थेतलं डिझेल इंजिन एक अश्वशक्ती तासभर द्यायला साधारण एक पंचमांश लिटर जाळतं. १०० अश्वशक्तीचं इंजिन सरासरी निम्म्या भाराने चाललं असं धरा. तासाला १० लिटर. बोटीने हंगामात २५,००० लिटर उचललं असेल तर अडीच हजार तास. या हिशेबात मीटरच्या हिशेबापेक्षा एक मोठा फायदा आहे, तो असा की रेटून चालवलेला तास यात आपोआप जास्त मोजला जातो. जास्त भार, जास्त डिझेल. मोठ्या इंजिनांचे काही उत्पादक इंजिन कधी उघडावं हे तासांबरोबर एकूण जळलेल्या तेलावरही सांगतात, ते याच कारणाने. आता पुस्तकातलं सगळं डिझेल त्याच बोटीच्या टाकीत गेलं असेल, असं मी शपथेवर सांगणार नाही. किनाऱ्यावर राहणाऱ्यांना याहून जास्त सांगायची गरज नाही.

तिसरी साक्ष इंजिनाच्या पोटातच असते. ‘इंजिन बांधलंय’ हे वाक्य ऐकलं की लोकांना वाटतं, तास शून्य झाले. लायनर नवे, पिस्टन नवे, रिंगा नव्या, मग राहिलं काय? राहिला तो क्रँक. तो सहसा बदलत नाहीत, घासतात. प्रत्येक वेळी घासला की पाव मिलिमीटरने बारीक होतो आणि तेवढी जाड बेअरिंगं त्याला बसवावी लागतात. बेअरिंगच्या पाठीवर तो आकडा ठोकलेला असतो, ०.२५, ०.५०, ०.७५. मिस्त्री लोक जुन्या मापाने दहा, वीस, तीस म्हणतात. तीसवर आलेला क्रँक म्हणजे त्या इंजिनाचे तीन जन्म होऊन गेले, मीटर काहीही म्हणो. विकणारा खरंच काम केलंय म्हणत असेल तर बेअरिंगच्या खरेदीचं बिल मागावं. त्यावर माप लिहिलेलं असतं. बिल नसेल तर मिस्त्रीचं नाव विचारावं, आणि तेही आठवत नसेल तर इंजिन बांधलेलं नाही, फक्त रंगवलेलं आहे असं धरून चालावं.

रंगाबद्दल मला राग आहे. विक्रीच्या आधी इंजिनाला मारलेला ताजा रंग म्हणजे विचारायच्या प्रश्नांवर ओढलेली चादर. त्यापेक्षा गंजाची खरी खूण दाखवणारं इंजिन बरं. फ्लायव्हीलच्या घरावर, स्टार्टरच्या खालच्या अंगाला मिठाची पांढरी आडवी रेघ दिसते का ते बघावं. दिसली तर तळातलं पाणी कधीतरी तिथवर चढलं होतं. होजच्या क्लिपा, पट्ट्याभोवती उडालेली काळी भुकटी, हीट एक्स्चेंजरमधलं झिंक काढून बघितलं तर ते किती उरलंय, या गोष्टी रंगवायचं कुणाच्या लक्षात येत नाही. केबिनमध्ये थ्रॉटलचा दांडा हाताच्या पकडीत किती घासलाय, शिडीची वरची पायरी मधोमध किती खोलगट झाली आहे, तेही बघावं. मीटर ६०० म्हणत असेल आणि दांडा आरशासारखा चकचकीत असेल, तर मी दांड्यावर विश्वास ठेवतो.

हे सगळं जास्त तास लपवण्याबद्दल झालं. माझी खरी भीती उलट्या बाजूची आहे, जिथे तास खरोखरच कमी असतात.

गेटवेसमोरचे ते गृहस्थ खोटं बोलत नव्हते. बोट दहा वर्षांची होती आणि मीटरवर तीनशेच्या आत तास होते. म्हणजे वर्षाला फार तर तीस, आणि तेही हिवाळ्यातल्या काही रविवारी मांडव्याला जाऊन यायचे. परदेशात हौशी बोटींच्या जगात एक ठोकताळा सांगतात, की पेट्रोल इंजिन हजार-दीड हजार तासांना दमतं आणि डिझेल पाच हजारांच्या पुढे सहज जातं. त्या हिशेबाने ही बोट कुमारवयात होती. मात्र तो ठोकताळा नियमाने वापरलेल्या इंजिनाचा आहे. या इंजिनाने उरलेले सगळे तास काय केलं, हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता.

बंद इंजिन स्वस्थ बसलेलं नसतं. ते थांबतं तेव्हा कुठल्या ना कुठल्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा राहिलेला असतो. एक्झॉस्टच्या वाटेने खारट दमट हवा आत शिरते, रिंग आणि लायनर जिथे टेकलेत तिथे गंज धरतो आणि कधीतरी चावी फिरली की तो गंज रिंगेबरोबर खरवडला जातो. समुद्राचं पाणी ओढणाऱ्या पंपात रबराचा इम्पेलर असतो. त्याच्या दुमडलेल्या पाकळ्या महिनोन्‌महिने एकाच जागी राहिल्या की तशाच ताठरतात, मग पहिल्याच फेरीत एखादी तुटते आणि तिचा तुकडा हीट एक्स्चेंजरच्या नळ्यांत जाऊन बसतो. अर्ध्या रिकाम्या टाकीत दमटपणाचं पाणी होतं आणि तळाशी बसतं, पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे जंतूंची काळी शेवाळी वाढते आणि फिल्टर चोंदतो. नोझलच्या सुया चिकटतात. जळलेल्या ऑइलमधलं आम्ल बेअरिंगं खात बसतं. यातलं काहीही मीटरवर चढत नाही. मुंबईची हवा पावसाळ्यात कशी असते, हे कपाटातल्या चामड्याच्या चपलांना विचारा.

विमानवाल्यांनी हे ओळखलेलं आहे. त्यांच्या तासांच्या मीटरला वैमानिक हॉब्ज म्हणतात, आणि सगळी देखभाल तासांवर बांधलेली असते. तरीही लायकमिंगसारखी विमानाची इंजिनं बनवणारी कंपनी तासांच्या मर्यादेबरोबर वर्षांचीही सांगते. तास भरले नसले तरी बाराव्या वर्षी इंजिन उघडा. हवेत बंद पडलेल्या इंजिनाला कडेला घेता येत नाही म्हणून त्यांना ही अक्कल लवकर आली असावी. समुद्रातही कडेला घेता येत नाहीच, पण आपल्याला वल्ह्यांची आणि शेजारच्या बोटीच्या दोराची सवय आहे.

आता त्या अर्जावरचं ‘रोज’ आठवा. रोज चालणारं इंजिन रोज तापतं, आतला ओलावा रोज उडून जातो, रबर रोज फिरतं, आणि मुख्य म्हणजे रोज एक माणूस त्याच्याजवळ उभा असतो. थेंब गळला तर त्याला दिसतो, आवाज बदलला तर त्याच्या कानाला टोचतो. दहा हजार तासांचं असं इंजिन मी तीनशे तासांच्या त्या इंजिनाआधी घेईन, आणि क्रँक वीसवर असला तरी घेईन.

यातूनच एक प्रश्न माझ्या हाती आला, आणि आता जुनी बोट बघायला कुणी मला सोबत नेलं की मी आधी तोच विचारतो. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते, ६१ दिवस. बोटी वर ओढून शाकारून ठेवतात. मी विचारतो, ‘जूनमध्ये इंजिनाचं काय करता?’

उत्तरांचे प्रकार फार नाहीत. ‘काय करणार, बंदच असतं की,’ हे एक. असा माणूस इतर दहा महिने काय करत असेल याचा अंदाज बांधायला आणखी काही लागत नाही. दुसरा सांगतो, ‘मिस्त्री येऊन बघून जातो.’ हे अधांतरी. तिसऱ्या प्रकारचा माणूस जरा चकित होतो, कारण हे विचारायचं काय त्यात, असं त्याला वाटतं. गोड्या पाण्याने कूलिंगची सगळी वाट धुतली. ऑइल बोट वर घेण्याआधी बदललं, काळं ऑइल पावसाळाभर आत कशाला ठेवायचं? टाकी गळ्यापर्यंत भरली. इम्पेलर काढून खिळ्याला टांगला. नोझल काढून सिलिंडरात थोडं थोडं ऑइल सोडलं, आणि आठवड्यातून एकदा पोरगा जाऊन पाना लावून इंजिन हाताने दोन फेरे फिरवून येतो. हे सांगताना त्याला त्यात काही विशेष केल्यासारखं वाटत नाही. एका नाखव्याच्या घरी तर भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या आठवड्यांवर फुल्या मारलेल्या होत्या आणि शेजारी सुनेच्या बाळंतपणाची तारीखही तशाच फुलीने नोंदवलेली होती. त्यांची बोट विकायची नव्हती, मी उगीच विचारलं.

अडचण अशी आहे की बोटी विकल्या जातात त्या बऱ्याचदा याच बंदीच्या दिवसांत. हंगामाचा हिशेब झालेला असतो, कुणाला पैसे हवे असतात, कुणाला ऑगस्टच्या आत बोट हवी असते. आणि हेच दिवस असे, की इंजिनाची खरी परीक्षा घेता येत नाही. जमिनीवर पिंपातलं पाणी पाजून इंजिन चालू करून दाखवता येतं, पण भाराशिवाय चालणारं इंजिन म्हणजे बसल्या जागी तपासलेली दम्याची छाती. खरं काय ते पाण्यातच कळतं. थंड इंजिन पहिल्या चावीला लागतं का (आणि ते खरोखर थंड आहे का, हे आधी हात लावून बघावं, विकणाऱ्याने सकाळी उठून तापवून ठेवलेलं नसेलच असं नाही), पूर्ण दांडा दिला की ठरलेल्या फेऱ्या गाठतं का, धुराचा रंग कोणता. निळा म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे भार झेपत नाही, किंवा हवा कमी, किंवा नोझल. पांढरा सकाळी थोडा वेळ चालतो, तापल्यावरही राहिला तर डोकं खाजवायची वेळ आली. ऑइलचं झाकण काढून बघावं, धूर भकाभका वर आला तर रिंगा गेल्या. काळं ऑइल बघून घाबरू नये, डिझेल इंजिनात ते लगेच काळं होतंच. दुधाळ दिसलं तर मात्र तिथूनच परतावं, आत पाणी शिरलंय.

माझ्या मावसभावाला हर्णैकडची एक बोट जूनच्या मध्यावर घ्यायची होती. बोट चांगली, डिझेलचं पुस्तक भरलेलं, क्रँक वीसवर, आणि विकणाऱ्याने ते स्वतःहून सांगितलेलं. मी म्हटलं, विसार द्या, पण रकमेतला चौथा हिस्सा ऑगस्टमध्ये बोट पाण्यात उतरून पहिल्या फेऱ्या झाल्यावर. विकणारा उखडला. त्याचं म्हणणं होतं, ‘ऑगस्टमध्ये तुमचा ड्रायव्हर इंजिन कसं चालवेल, त्याची जबाबदारी माझी?’ प्रश्न बिनतोड होता. तासभर कुणी काही बोललं नाही, फक्त पाऊस पडत होता आणि पत्र्यावर वाजत होता. शेवटी तोडगा त्याच्याच बाजूने निघाला. इंजिन चालवणारा त्याचा जुना ड्रायव्हर पहिले पंधरा दिवस आमच्या बोटीवर राहील, त्यानंतर उरलेली रक्कम.

तो ड्रायव्हर आला तेव्हा आम्हाला नमस्कारही न करता आधी खाली उतरला. वर येऊन म्हणाला, इम्पेलर नवीन लागेल, दोन झिंक लागतील, आणि त्याचे पैसे घेणाऱ्याने द्यायचे. मावसभाऊ माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, दे. पंधरा दिवसांनी विकणाऱ्याला रक्कम पोहोचली, आणि ड्रायव्हर परत गेला नाही. बोटीबरोबर तोही आमच्याकडे आला, वाढीव पगारावर. विकणाऱ्याने त्यावरून मावसभावाशी दोन महिने बोलणं टाकलं होतं.